मॉडबसचे मीटर प्रोफिनेट पीएलसीला जोडताना

पॅनेलमध्ये दहा एनर्जी मीटर, त्यांना येतं फक्त आरएस-485 या सिरीयल लाइनवरचं मॉडबस आरटीयू. पीएलसीला, म्हणजे यंत्रणा चालवणाऱ्या कंट्रोलरला, हवं इथरनेटवरचं प्रोफिनेट. मध्ये दोघांचा दुभाषी, म्हणजे गेटवे बसतो. त्याचं कॉन्फिगरेशन तासाभराचं काम आहे. दिवस खातं ते सिरीयल टोक, म्हणून सुरुवात तिथून.

शील्डेड ट्विस्टेड पेअर केबल एका मीटरवरून दुसऱ्यावर, अशी साखळीत न्या. फाटे फोडू नका. 120 ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना, शील्डला अर्थिंग एकाच ठिकाणी. ए आणि बी या खुणा प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने लावते. उत्तरच येत नसेल तर दोन वायरी उलटवून बघा.

प्रत्येक मीटरला 1 ते 247 मधला वेगळा पत्ता द्या. बॉड रेट (लाइनचा वेग) आणि पॅरिटी (चूक पकडणारा बिट) सगळीकडे एकच. मग गेटवे काढून ठेवा (आरटीयू लाइनवर मास्टर, म्हणजे प्रश्न विचारणारा, एकच चालतो) आणि लॅपटॉप, यूएसबी-485 कन्व्हर्टर घेऊन एकेक मीटर वाचा.

मीटर आपले आकडे रजिस्टरांत, म्हणजे दोन-दोन बाइटच्या कप्प्यांत ठेवतो. मॅन्युअलमधलं रजिस्टर 40001 म्हणजे लाइनवर जाणारा रजिस्टरचा पत्ता 0. आकडे एका घराने सरकलेले दिसले, तर घोळ इथेच. दुसरा सापळा वर्ड ऑर्डरचा: 230.0 व्होल्टचा फ्लोट (दोन रजिस्टरांत मावणारा दशांश आकडा) हेक्समध्ये 4366 0000 असतो. दोन रजिस्टर उलटी जोडली की 0000 4366 होतं आणि स्क्रीनवर चक्क शून्य दिसतं. लोक मग वायरिंग तपासत बसतात.

वेळेचा हिशोब आधीच करा. 9600 बॉड, इव्हन पॅरिटी: एका बाइटला साधारण 1.15 मिलिसेकंद. 20 रजिस्टर वाचायला जाऊन-येऊन 53 बाइट, म्हणजे 61 मिलिसेकंद. मीटरचा उत्तराला लागणारा वेळ धरून शंभरेक. दहा मीटरना एक सेकंद. पण टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) 1000 मिलिसेकंद आणि रिट्राय (पुन्हा विचारणं) 3 ठेवले, तर एक बंद मीटर प्रत्येक फेरीत चार सेकंद गिळतो. 300 आणि 1 पुरतात. मीटर मुळातच संथ असेल तर टाइमआउट वाढवा.

प्रोफिनेटकडे गेटवेची जीएसडीएमएल फाइल (त्याचं वर्णन पीएलसीला सांगणारी) इंजिनीअरिंग सॉफ्टवेअरमध्ये घ्या, 400 बाइट (दहा मीटर, प्रत्येकी 20 रजिस्टर) इनपुट मांडा. डिव्हाइस नेम प्रोजेक्टमधल्यासारखं हुबेहूब हवं. एक अक्षर चुकलं तरी जोडणी होत नाही. गेटवेत सोय असेल तर प्रत्येक मीटरचा स्टेटस बाइटही घ्याच. बरेच गेटवे मीटर मेला तरी शेवटचा आकडा धरून ठेवतात, आणि बंद फीडरवर तासन्‌तास 415 व्होल्ट दिसत राहतात.