सर्वश्रेष्ठ गायक कोण, हा वाद कसा घालावा

हिंदुस्थानी संगीतातील सर्वश्रेष्ठ गायक कोण, या वादाला बसण्यापूर्वी ‘श्रेष्ठ’ म्हणजे काय हे ठरवून घ्यावे, कारण एक जण स्वराच्या लगावाबद्दल, म्हणजे स्वर लावण्याच्या पद्धतीबद्दल, आणि दुसरा तानेबद्दल, म्हणजे वेगवान स्वरमालिकेबद्दल, बोलत असेल, तर रात्र सरली तरी निकाल लागत नाही.

मग एकच चीज, म्हणजे बंदिश, निवडावी. ‘जमुना के तीर’ ही भैरवीतील ठुमरी अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांनी गायली आणि त्यांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या तालमीत घडलेल्या भीमसेन जोशींनीही गायली. दोन्ही लागोपाठ ऐकाव्यात आणि आवाज षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, कसा टेकतो, एवढ्याकडेच कान द्यावा. मात्र जुन्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे, त्यामुळे विस्ताराच्या बाबतीत खाँसाहेबांना उणे ठरवणे अन्यायाचे होईल.

पुरस्कार मोजू नयेत. भीमसेनजींना २००८ मध्ये भारतरत्न जाहीर झाले, कुमार गंधर्वांना ते मिळाले नाही. तरीही क्षयाने काही वर्षे गाणे थांबल्यानंतर कुमारांनी देवासला जी गायकी उभी केली, तिच्यामुळे माझे मत त्यांच्याकडेच झुकते. समोरच्याने उत्तरादाखल किशोरीताई आमोणकरांचा भूप राग लावला, तर तो संपेपर्यंत मध्ये बोलू नये.