चंद्राच्या कला शिकवताय? निदान या चुका तरी टाळा

विज्ञान प्रदर्शनाच्या दिवसांत बेळगाव-खानापूर भागातल्या मराठी शाळांतून हिंडलं की एक टेबल हमखास सापडतं. काळ्या कागदाचं खोकं, आत थर्माकोलचे आठ गोळे, प्रत्येकाचा अर्धा भाग स्केचपेनने काळा केलेला आणि शेजारी पाठ केलेलं भाषण घडाघडा म्हणणारी एखादी पोरगी. मी एवढंच विचारतो, "बाळ, आज संध्याकाळी चंद्र कुठं दिसेल गं?" भाषण तिथंच थांबतं. पोरीची चूक नाही. तिला गोळे रंगवायला लावले, आभाळ कुणी दाखवलंच नाही.

गेली वीस-बावीस वर्षं मी हा धडा घेतोय. बाकीच्यांच्या चुका सांगण्याआधी स्वतःची सांगतो, कारण ती सगळ्यात वाईट होती.

पृथ्वीची सावली

"पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी-जास्त दिसतो." हे मुलं म्हणतात, पालक म्हणतात, शिकवणारेही म्हणतात. चंद्राचा अर्धा भाग सूर्याच्या उजेडात कायमच असतो. त्या उजळ अर्ध्यातलं आपल्याला इथून किती दिसतं, त्याचं नाव कला. सावलीचा संबंध फक्त ग्रहणाशी. मी तोंडाने हे बरोबरच सांगत होतो. हाताने मात्र बरीच वर्षं उलटं शिकवत होतो आणि माझ्या ते गावीही नव्हतं.

प्रयोग तोच, सगळे करतात तो. अंधारी खोली, मध्ये बल्ब म्हणजे सूर्य, मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी, हातातला गोळा म्हणजे चंद्र. गोळा नाकासमोर धरून मुलाने स्वतःभोवती फिरायचं. बल्बकडे पाठ झाली की पौर्णिमा. आणि नेमकं तिथं मुलाच्या डोक्याची सावली गोळ्यावर पडायची. "जरा बाजूला धर रे," म्हणून मी पुढं जायचो.

28 ऑक्टोबर 2023 ला कोजागरी होती आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. दूध कधी आटवायचं, प्यायचं की नाही, यावर गल्लोगल्ली चर्चा. मध्यरात्रीनंतर चंद्राच्या व्यासाचा जेमतेम आठवा भाग झाकला गेला, पण जागं राहून बघणारी पोरं होती. सोमवारी वर्गात आल्या आल्या सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या खोलीत दर पुनवेला गिराण लागतंय की. मग वर आभाळात का लागत नाही?"

मी खडू खाली ठेवला. ती बरोबर होती. माझ्या मॉडेलमध्ये पौर्णिमा होतच नव्हती, दर महिन्याला खग्रास ग्रहण होत होतं, आणि मुलांच्या डोक्यात सावली मीच घालत होतो.

तेव्हापासूनची सवय: बल्बकडे पाठ करताना गोळा डोक्याच्या वर, चांगला वीतभर उंच धरायला लावतो. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी साधारण 5 अंशांनी कललेली आहे. त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. वीतभर म्हणजे 5 अंशांपेक्षा खूपच जास्त झालं, हे मुलांना सांगून टाकायचं. आपलं डोकं मोठं आणि हात आखूड, त्याला इलाज नाही. खरं प्रमाण मैदानात दाखवा. पृथ्वी 10 सेंटीमीटरची धरली तर चंद्र पावणेतीन सेंटीमीटरचा, मोठ्या बोराएवढा, आणि दोघांत अंतर 3 मीटर. एवढ्या अंतरावर 5 अंश म्हणजे सव्वीस-सत्तावीस सेंटीमीटर. एक पोरगा पृथ्वी घेऊन उभा, दुसरा बोर घेऊन तीन मीटरवर. सावली चुकवून जाणं किती सोपं आहे, हे मग सांगावं लागत नाही.

तरी कुणी सावलीच धरून बसला तर शुद्ध अष्टमीला सूर्य मावळताना त्याला बाहेर उभा करा. सूर्य पश्चिमेला, म्हणजे पृथ्वीची सावली पूर्वेकडे. चंद्र तर डोक्यावर, आणि अर्धाच. शिवाय त्या अर्ध्या चंद्राची कड सरळ रेघेसारखी. गोल पृथ्वीची सावली सरळ कशी पडेल?

बाहेरून बघणारा वर्ग

एक मुलगा गोळा घेऊन फिरतो आणि चाळीस जण भिंतीला टेकून बघतात. त्या चाळिसांना काहीच कळत नाही, कारण कला दिसतात त्या फक्त मधल्याला. प्रत्येकाच्या हातात गोळा हवा. इथं सगळे पैशाचं कारण सांगतात. बेळगावच्या खडे बाजारातून थर्माकोलचे चाळीस गोळे आणले तर खिशाला जड जातात, मान्य. मी गणपतीच्या आधी मूर्तिकाराकडून उरलेला शाडू मागून आणतो. लिंबाएवढे गोळे वळायचे, ओले असतानाच सायकलचा जुना स्पोक खुपसायचा आणि सावलीत वाळवायचे. वाळला की शाडू मंद, राखाडी-पांढरा होतो. चंद्रही तसाच आहे. पडलेल्या उजेडातला आठवा-नववा भाग काय तो परत फेकतो, डांबरी रस्त्यासारखा. चकचकीत प्लॅस्टिकचा चेंडू नकोच. त्यावर बल्बचा ठिपका चमकतो आणि कला हरवतात.

एका बल्बभोवती दहा-बारा मुलं, त्याहून जास्त नाही. घाई असेल त्यांनी दुसरा धडा घ्यावा.

मोबाईलची टॉर्च

नको. तिचा झोत एकाच बाजूला जातो, गोल करून उभ्या राहिलेल्या निम्म्या मुलांचे गोळे अंधारात. होल्डरला साधा बल्ब लावा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. खिडक्यांना ताडपत्री लावा, कारण एक उघडी खिडकी म्हणजे दुसरा सूर्य.

उलटं फिरणं

बल्बकडे तोंड करून सुरुवात, मग डावीकडे वळायचं. उजवीकडे वळलात तर शुक्ल पक्षातली कोर डावीकडून उजळते. दर वर्षी कुणीतरी वळतंच.

"कोर उभी काढ"

दुसरी माझी दुखरी नस. एका शाळेत मला मुलांच्या चंद्राच्या वह्या बघायला बसवलं होतं. बीजेची, तृतीयेची कोर निम्म्या मुलांनी होडीसारखी आडवी काढलेली, शिंगं वर. प्रत्येकीवर लाल शाईची फुली आणि शेजारी बाईंनी काढून दिलेली उभी कोर, पुस्तकातल्यासारखी. मुलांनी पुढच्या पानापासून मुकाट्याने उभी कोर काढायला सुरुवात केली होती. आभाळाकडे बघणं तिथंच संपलं.

पोरं बरोबर होती. उजळ कड नेहमी सूर्याच्या बाजूला असते. बेळगाव जवळपास 16 अक्षांशावर आहे. इथं संध्याकाळी सूर्य बऱ्यापैकी सरळ खाली उतरतो, म्हणून कोवळ्या चंद्राची उजळ बाजू खाली क्षितिजाकडे येते. माघ-फाल्गुनात तर कोर जवळजवळ सपाट होडी असते, पाडव्यानंतरच्या बीजेलाही बघा. पावसाळा सरल्यावर ती उजवीकडे कलते. पुस्तकातली ताठ उभी कोर बरीच उत्तरेकडच्या देशांतली. आपल्या आज्या कपाळावर चंद्रकोर कशी रेखायच्या? आडवीच. मी बाईंना एवढंच म्हणालो, "तुमच्या टिकलीकडे आरशात बघा." त्या हसल्या, पण फुल्या खोडल्या नाहीत.

चंद्र फक्त रात्रीचा

हा समज प्रार्थनेच्या वेळी पाच मिनिटांत जातो. वद्य सप्तमी-अष्टमीच्या सुमारास सकाळी नऊला चंद्र पश्चिमेला स्वच्छ दिसतो. उन्हात उभं राहून शाडूचा गोळा हात लांब करून चंद्राच्या शेजारी धरायला लावा. जी कला वर, तीच गोळ्यावर, त्याच बाजूने उजळलेली. बल्ब नको, अंधार नको, लाईट गेली तरी बिघडत नाही. अख्ख्या धड्यातला हा सर्वांत चांगला प्रयोग आहे आणि तो करणारे शिक्षक मला बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. दुपारची शाळा असेल तर शुद्ध सप्तमी-अष्टमीला चार-साडेचार वाजता पूर्वेकडे बघा.

क्रीमच्या बिस्किटांवर कला कोरणं: खायला छान. शिकायला काही नाही.

जुलैमध्ये निरीक्षण

धडा जुलैत आला म्हणून चंद्राची वही जुलैत सुरू करणारे आहेत. खानापूरकडच्या कणकुंबी-जांबोटीला त्या महिन्यात पावसात समोरची शाळा दिसत नाही, चंद्र कुठला? मी दसऱ्याच्या सुट्टीनंतर पहिली शुद्ध बीज किंवा तृतीया धरतो. अमावास्येला सुरुवात केली तर पहिले दोन दिवस काहीच दिसत नाही आणि पोरं कंटाळतात. वर्धमान-क्षीयमान (वाढता-घटता) असले शब्द पहिल्या दिवशी फळ्यावर लिहू नका. तिथी त्यांना घरात ऐकून माहीत असते. काहींना आजोळची कानडी हुण्णिमे आणि इकडची पौर्णिमा एकच, हेही माहीत असतं. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर 12 अंशांनी वाढलं की एक तिथी, अशा 30 तिथी मिळून पूर्ण फेरा. मैदानात चुन्याने वर्तुळ आखून 30 खुणा केल्या की पंचांग पायाखाली येतं.

खोट्या नोंदी येतातच, दिनदर्शिकेवरून उतरवलेल्या. एकाने वद्य चतुर्थीला "सायं. 7 वा., पूर्वेला, गोल" असं लिहून आणलं. मी काही बोलायच्या आत शेजारचा म्हणाला, "सात वाजता? आमच्या आईचा संकष्टीचा उपास नऊ वाजेपर्यंत सुटत नाही." चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो, हे त्या दिवशी मी फळ्यावर नुसतं लिहिलं. पौर्णिमेपासून चार दिवसांचा हिशेब पोरांनीच घातला. खोटी नोंद आणणाऱ्याला मी शिक्षा केली नाही. पुढच्या संकष्टीला ताट वाढायच्या आधी चंद्र उगवल्याची वेळ घड्याळात बघून आणायचं काम तेवढं दिलं. त्याने आणली, 9 वाजून 12 मिनिटं, आणि खाली लिहिलं होतं, "ढगातून".