खांडसहून भीमाशंकर: घाटवाटेने दर्शनाला जाताना

भीमाशंकरला पुण्याहून एसटी जाते, पण कोकणातून येणाऱ्यांची जुनी वाट कर्जत तालुक्यातल्या खांडसवरून चढते. पायथा ते देऊळ साधारण नऊशे मीटरची चढण आहे. इथे माणसं अडकतात ती दोन कारणांनी: घाट चुकीचा निवडतात, नाहीतर उशिरा निघतात.

कर्जत किंवा नेरळला उतरून कशेळेमार्गे खांडस गाठायचं. एसटी कमी आहेत, शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. चौघं-पाच जण असाल तर आदल्या दिवशीच गाडी ठरवा. सकाळी सातला चालायला लागलंच पाहिजे.

गावातून डांबरी रस्त्याने दोनेक किलोमीटरवर पूल लागतो. तिथे वाटा फुटतात. उजवीकडे गणेश घाट, डावीकडे शिडी घाट. शिडी घाटाने तीन-चार तासांत वर पोचता येतं, गणेश घाटाला पाच-सहा तास लागतात. तरीही देवदर्शनाला निघालेल्यांनी गणेश घाटच धरावा. घरची मंडळी बरोबर असतील किंवा पाऊस असेल तर दुसरा विचारच नको.

शिडी घाटात लोखंडी शिड्या आहेत, पण धोका शिडीवर कमी आणि शिडी सोडून कातळावर पाय टाकायच्या जागी जास्त. तिथे शेवाळ धरतं, पाठीवरची सॅक मागे ओढते आणि हाताला धरायला फारसं काही नसतं. कोरड्या दिवसांत, सवयीच्या माणसाबरोबर जायचं असेल तर एका वेळी एकच जण शिडीवर. सॅकचे पट्टे घट्ट आवळा, काठी आधी वर द्या. या वाटेने उतरू तर मुळीच नका, कारण उतरताना खालची पायरी दिसत नाही. पावसाळ्यात प्रशासन घाटवाटांवर बंदीही घालतं. निघण्याआधी खांडसमध्ये चौकशी करा.

गणेश घाटात तासाभराने गणपतीचं छोटं देऊळ लागतं. पुढे पदरगडाला वळसा घालत वाट मधल्या पठारावर येते. वाट चुकते ती इथे. पदरगडाकडे आणि पदरवाडीकडे जाणाऱ्या वाटा मळलेल्या असतात, मुख्य वाटच वाटतात. त्यात धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. अशा वेळी रेटून पुढे जाऊ नका. शेवटची खूण दिसली होती तिथपर्यंत मागे या, नाहीतर वाडीतल्या कुणाला वाटाड्या म्हणून घ्या आणि पैसे आधी ठरवा. दोन्ही घाटांच्या वाटा या पठारावर मिळतात. नाश्ता इथेच उरका, कारण पुढची दीड-दोन तासांची जंगलातली चढण दमवणारी आहे.

पाणी माणशी तीन लिटर. पावसात ओढे वाहतात, उन्हाळ्यात भरवसा नाही. बुटांचा तळ रबरी आणि खाचांचा हवा, गुळगुळीत चप्पल ओल्या कातळावर घात करते. कपड्यांचा एक कोरडा जोड, टॉवेल आणि मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घ्या. हे अभयारण्य आहे, तीच पिशवी परत न्यायचीही आहे.

श्रावणी सोमवारचा उपास असेल तर जपून. घामावाटे मीठ जातं, वर नुसता चहा आणि केळं. मग दुसऱ्या टप्प्यात पोटऱ्यांना गोळे येतात, गरगरतं. उपासाला चालणारं सैंधव, साखर आणि लिंबू घालून एक बाटली पाणी तयार ठेवा आणि तहान लागायची वाट न बघता घोटघोट प्या. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, खजूर बरे. साबुदाणा खिचडी भरपेट खाऊन चढायला लागू नका.

देऊळ खळग्यात आहे. एसटी स्टँडकडून पायऱ्या उतरून जावं लागतं आणि तितक्याच परत चढाव्या लागतात, तेवढी ताकद राखून ठेवा. देवळासमोर टांगलेली मोठी घंटा पाहायला विसरू नका; चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतली ती पोर्तुगीज घंटा असं सांगतात.

श्रावणी सोमवारी रांगेतच कित्येक तास जातात. त्या दिवशी घाट उतरायचा बेत नको, पुण्याकडची एसटी धरा. स्टँडवर शेवटच्या गाडीची वेळ दर्शनाला जाण्याआधीच विचारून ठेवा. इतर दिवशी पायी परतायचं असेल तर दुपारी एकच्या आत देवळातून निघा आणि उतरा गणेश घाटानेच. दाट झाडीत अंधार लवकर पडतो, तेव्हा विजेरी प्रत्येकाकडे हवी.