घरच्या राउटरचे आकडे साठवायचे आहेत? आधी एवढी तयारी करा

नेट गेलं की सांगलीत सहसा तीनपैकी एक कारण निघतं: वीज गेली, वाटेत फायबर तुटली, नाहीतर घरातला राउटर अडकला. नेटवाल्याला फोन लावला तर उत्तर मात्र एकच मिळतं, "डबा बंद करून परत चालू करा." हे तिन्ही प्रकार एकमेकांपासून वेगळे दाखवता यावेत म्हणून आकडे साठवायचे: किती डेटा आला-गेला, नेट आणि वीज कधी गेली, फायबरमधून किती प्रकाश येतोय. नुसता रंगीत आलेख बघायचा असेल तर एवढा खटाटोप नको. पुढचं सगळं एकाच कसोटीवर लावलेलं आहे: नेट आणि वीज दोन्ही गेलेली असतानाही नोंद चालू राहिली पाहिजे आणि तिची वेळ बरोबर असली पाहिजे.

म्हणून पहिली वस्तू म्हणजे नोंदी घेणारं मशीन. ते घरातच हवं. बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरवर आकडे पाठवायचे ठरवलं, तर नेमक्या नेट गेलेल्या वेळेचे आकडे मिळणार नाहीत. बरेच जण रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक घेतात. पण घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर आमचं मत त्यालाच. त्याला स्वतःची बॅटरी असते आणि वीज नसतानाही चालणारं घड्याळ असतं. पाय ४ मध्ये ते घड्याळ नाही. वीज आली आणि नेट अजून बंदच असेल, तर तो शेवटची आठवणारी वेळ धरून पुढे मोजायला लागतो. ज्या तासाबद्दल नेटवाल्याशी वाद घालायचा, त्याच तासाच्या नोंदी मग चुकीच्या वेळेखाली जातात. पायच वापरायचा असेल तर डीएस३२३१ हे छोटं घड्याळ-मॉड्यूल जोडा, ६४ बिटची प्रणाली टाका आणि डेटा एसडी कार्डावर न ठेवता यूएसबी एसएसडीवर ठेवा. सतत लिहीत राहिल्यानं कार्ड लवकर मरतं. लॅपटॉप निवडलात तर बॅटरी फुगलेली नाही ना हे आधी बघा, आणि झाकण मिटल्यावर तो झोपी जाणार नाही अशी सेटिंग करा. १५ वॅट सतत म्हणजे महिन्याला साधारण ११ युनिट. पाय ५ वॅटच्या आसपास धरला तर साडेतीन.

जागा ठरवताना पोटमाळा टाळा. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली जी भट्टी पेटते तिच्यात पाय ८० अंशांना पोचतो आणि स्वतःहून वेग कमी करतो. सांगलीच्या गावभागात किंवा नदीकाठच्या इतर भागांत तळमजल्यावर राहत असाल तर सगळे डबे वरच्या मजल्यावरच बसवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ चा पूर कोणाला आठवण करून द्यायला नको. खांबावरून घरात येणारी वायर फायबर नसून तांब्याची लॅन केबल असेल, तर वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की ती काढून ठेवा. त्या केबलवाटे पोर्ट जळतात, फायबरवाटे नाही.

आता वीज. राउटर आणि फायबरचा डबा (फायबरमधल्या प्रकाशाचं नेट करून राउटरला देणारा) दोन्ही छोट्या डीसी यूपीएसवर, म्हणजे अॅडाप्टरच्या जागी बसणाऱ्या बॅटरीवर, हवेत. एकच जोडून उपयोग नाही. विकत घेण्याआधी दोन्हींच्या अॅडाप्टरवरचं लेबल वाचा. १२ व्होल्ट १ अँपिअर, १२ व्होल्ट दीड, कधी ९ व्होल्टसुद्धा असतं, आणि पिनच्या आतलं भोक २.१ की २.५ मिलिमीटर हेही बघायला लागतं. पिन सैल बसली तर राउटर अधूनमधून रीस्टार्ट होतो आणि दोष लाईनवर येतो. दोन्ही मिळून ११ वॅट ओढत असतील तर १५ वॅट-तासाची बॅटरी तासभर चालते, त्याहून जास्तीची आशा धरू नका.

घरात इन्व्हर्टर असेल तर एक युक्ती आहे. लॅपटॉपचा चार्जर मुद्दाम इन्व्हर्टर नसलेल्या सॉकेटला लावा. लिनक्सवर नोड एक्स्पोर्टर (मशीनचे आकडे वाचून पुढे देणारा छोटा प्रोग्राम) चालू केला की चार्जरला वीज मिळते की नाही हे तो आपोआप १ किंवा ० असं सांगतो. वेगळा सेन्सर न घेता वीज कधी गेली, कधी आली याची नोंद तयार. ही ओळ नेटच्या ओळीखाली ठेवून बघितली की अर्धे वाद मिटतात. घरात वीज असून नेट जात असेल, तर गल्लीतल्या नेटवाल्याचा स्विच दुसऱ्याच कोणाच्या मीटरवर चालतोय आणि तिथली वीज गेलीय, हीसुद्धा शक्यता धरा.

राउटर आकडे देतो का, हे सामान घेण्याआधी तपासा. नेटवाल्यानं दिलेल्या डब्यात एसएनएमपी (राउटरला त्याचे आकडे विचारण्याची ठरलेली पद्धत) बहुधा नसतं किंवा बंद केलेलं असतं. मग त्याच्या मागे आपला राउटर लावायचा, ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चालेल असा. खालच्या स्टिकरवरची हार्डवेअर आवृत्ती वाचूनच घ्या, कारण एकाच नावाच्या मॉडेलमध्ये चिप वेगवेगळी निघते. फ्लॅश १६ एमबी आणि रॅम १२८ एमबी यापेक्षा कमी नको. त्यावर नोड एक्स्पोर्टरचं लुआ पॅकेज बसतं, पोर्ट ९१००. बसवल्यावर बाहेरून कनेक्शन नाकारलं जातं आणि लोक फायरवॉल उकरत बसतात. खरं कारण एवढंच, की ते मुळात लूपबॅकवर, म्हणजे फक्त राउटरच्या आतल्या आत, ऐकत असतं. सेटिंगमध्ये लूपबॅकच्या जागी लॅन (घरातलं नेटवर्क) लिहा.

एसएनएमपी असलेला राउटर असेल तर 'पब्लिक' हा ठरावीक परवलीचा शब्द बदला आणि यूडीपी १६१ पोर्ट फक्त घरातल्या बाजूला उघडा ठेवा. मोजायचे ते ६४ बिटचे काउंटर (आलेल्या-गेलेल्या बाइटची वाढत जाणारी मोजणी), आयएफ-एचसी नावाचे. जुने ३२ बिटचे काउंटर ४.२९ जीबीला परत शून्यावर येतात. १०० एमबीपीएसची लाईन भरून वाहत असेल तर पावणेसहा मिनिटांत, ३०० ची असेल तर दोन मिनिटांच्या आत. दर ५ मिनिटांनी आकडा घेणाऱ्याला मधली फेरी दिसतच नाही, आणि आलेख निम्म्याहून कमी वापर दाखवत राहतो. इंटरफेसचा (राउटरच्या प्रत्येक पोर्टचा किंवा जोडणीचा) क्रमांक लक्षात ठेवू नका, नाव ठेवा. रीस्टार्टनंतर क्रमांक बदलू शकतो. पीपीपीओई जोडणी (नेटवाल्याकडे युजरनेम-पासवर्ड देऊन होणारी) तुटून परत आली की तिचा काउंटर शून्यापासून सुरू होतो, म्हणून एकूण वापर मूळ वॅन पोर्टवर (बाहेरचं नेट जिथे येतं तिथे) मोजा आणि पीपीपीओईची ओळ जोडणी किती वेळा तुटली ते बघायला ठेवा. आकडे बाइटमध्ये येतात. प्लॅन बिटमध्ये असतो. ८ ने गुणायचं राहिलं की नेटवाल्याशी फुकटचं भांडण.

साठवायला प्रोमिथियस किंवा इन्फ्लक्सडीबी (दोन्ही वेळेनुसार आकडे साठवणारे डेटाबेस), कुठलंही चालेल, दोन्ही नकोत. प्रोमिथियस घेतलं तर मुदत आधी बदला: मूळ सेटिंगनुसार ते १५ दिवसांपूर्वीचं पुसून टाकतं, आणि उन्हाळ्याची पावसाळ्याशी तुलना करायला वर्ष लागतं. दर ३० सेकंदांनी, दीड हजार मालिका (वेगवेगळे मोजले जाणारे आकडे), प्रत्येक नोंदीला २ बाइट धरले तरी वर्षाला सव्वातीन जीबीच्या आत काम होतं. वेग काढताना खिडकी (जेवढ्या वेळच्या नोंदींवरून तो काढायचा तो काळ) निदान २ मिनिटांची ठेवा, म्हणजे एखादी नोंद चुकली तरी आलेख तुटत नाही. इन्फ्लक्सडीबीत रोजची बेरीज करताना भारतीय वेळ स्पष्ट सांगा, नाहीतर तिचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो.

पिंग (एखाद्या पत्त्यावरून उत्तर येतं का याची छोटी चाचणी) तीन ठिकाणी हवं: घरचा राउटर, नेटवाल्याचा पहिला टप्पा आणि बाहेरचा एखादा पत्ता, उदाहरणार्थ १.१.१.१. कुठल्या टप्प्यापासून उत्तर येईनासं झालं, यावरून दोष कुठल्या बाजूला ते कळतं. ही पिंग करून नोंद देणाऱ्या ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर प्रोग्रामला पिंगची परवानगी दिली नसेल तर तिन्ही ओळी शून्य दिसतात, नेट मात्र धडधाकट असतं. दर तासाला स्पीड टेस्ट लावू नका. १०० एमबीपीएसवर २० सेकंदांची एक टेस्ट २५० एमबी खाते, म्हणजे महिन्याला १८० जीबी नुसते मोजण्यात. दिवसाला दोन पुरेत.

सगळ्यात मोलाचा आकडा मात्र फायबरच्या डब्यात असतो: येणाऱ्या प्रकाशाची ताकद. डब्याच्या पानावर लॉगिन करून ती पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. घरोघरच्या फायबरसाठीच्या जीपीऑन तंत्राच्या नेहमीच्या बी प्लस वर्गात वजा ८ ते वजा २७ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं एकक) ही मर्यादा. वजा २० वरून वजा २३ वर आली म्हणजे प्रकाश निम्मा झाला. कुठेतरी जॉइंट खराब झालाय किंवा वायर करकचून वळलीय. हा आकडा स्क्रिप्टनं ५ मिनिटांतून एकदा वाचून टेक्स्ट फाईलमधून नोड एक्स्पोर्टरला द्या. फाईल आधी वेगळ्या नावानं लिहून मग नाव बदला, नाहीतर अर्धवट लिहिलेली वाचली जाते. काही डबे एका वेळी एकालाच लॉगिन देतात. तुम्ही पान उघडून बसलात की स्क्रिप्ट बाहेर, स्क्रिप्ट आली की तुम्ही.

सगळं जुळलं की विश्वास टाकण्याआधी मोडून बघा. मेन स्विच पाडा: विजेची ओळ शून्यावर आली पाहिजे आणि पिंग चालू राहिलं पाहिजे. राउटरमधून वॅनची केबल काढा: बाहेरचं पिंग पडेल, डब्याकडे येणारा प्रकाश मात्र बदलणार नाही. राउटर रीस्टार्ट करा: तो सलग किती वेळ चालू आहे हा आकडा शून्यापासून दिसेल, वापराच्या आलेखात उलटा सुळका येता कामा नये. हिरव्या टोकाची फायबर स्वतः काढू नका. टोकाला बोट लागलं तरी प्रकाश कमी होतो. पुढच्या वेळी तक्रार करताना चार गोष्टी एकाच संदेशात पाठवा: नेट गेल्याची वेळ, त्या वेळी घरात वीज होती की नाही, राउटर किती दिवस सलग चालू आहे आणि प्रकाशाचा आधीचा व आत्ताचा आकडा.