यंदा करवंट्या, सोडणं राबात घालू नका

होळी झाली की तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर शेण, टाळ (तोडलेल्या फांद्या), पातेरा (सुका पाला) रचून राब भाजायला सुरुवात होते. तण मरतं, राख मिळते. पण मिरगाच्या दोन-चार सरींतच बरीचशी राख वाहून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला लागते. कोळसा मात्र मातीत वर्षानुवर्षं टिकतो. राब बंद करा असं म्हणत नाही, कारण तण मारायचं काम कोळसा करत नाही. फक्त करवंट्या, सोडणं (नारळाची सालं) आणि छाटणीची लाकडं वेगळी काढा आणि त्यांचा बायोचार, म्हणजे कमी हवेत भाजलेला मातीत घालायचा कोळसा करा.

कातळावर खड्डा निघायचा नाही, परसात मऊ जागा बघा. वर चार फूट, तळाशी दीड फूट, अडीच फूट खोल असा नरसाळ्यासारखा खड्डा काढा. माल कडकडीत वाळलेला हवा. ओल्या सोडणांचा नुसता धूर होतो. जाळ वरून लावा. निखाऱ्यावर पांढरी राख धरू लागली की लगेच पुढचा पातळ थर टाका. वरचा जाळ ऑक्सिजन खातो, त्यामुळे खालचा माल जळून न जाता भाजतो. साधारण ३०० ते ४०० अंशांत सेल्युलोज फुटतं, त्याचे वायू वर जळतात आणि खाली कार्बन उरतो. १०० किलो सुक्या मालातून २०-२५ किलो मिळाला तरी चांगलं. शेवटी भरपूर पाणी ओता. मी एकदा दोन हंड्यांवर भागवलं, सकाळी खड्ड्यात नुसती राख!

काजूची टरफलं अजिबात नकोत, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो. भोवतालचं गवत आधी काढा. दुपारी खारं वारं सुटायच्या आत आटपा.

बोटांवरचा काळा रंग साध्या पाण्यानं निघाला तर कोळसा नीट झाला. चिकट, तेलकट राहिला तर भाजणी कच्ची.

कोळसा तसाच मातीत टाकलात तर तो नत्र धरून बसतो आणि रोपं पिवळी पडतात. वाटाण्याएवढा ठेचा, एका घमेल्याला चार घमेली शेणखत घ्या, वर शेणकाला शिंपडा आणि गोणपाटाखाली तीन आठवडे मुरवा. तरव्याच्या पेरणीआधी हे व्हायचं तर एप्रिलअखेर कोळसा तयार हवा. आपली जांभ्याची माती आम्ल, त्यामुळे कोळशाचा थोडा अल्कपणा तिला मानवतो; मात्र त्याच वाफ्यात चुना घालायचा असेल तर आधी माती तपासून घ्या.

पहिल्या वर्षी एकाच वाफ्यात घाला, शेजारचा तसाच ठेवा. लावणीला तरवा काढाल तेव्हा दोन्हीकडची मूठ-मूठ रोपं धुऊन मुळं शेजारी धरून बघा.