पीटीच्या तासाला साठच्या साठ पोरं पळवायची कशी

मी माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत पीटी शिकवते. वेळापत्रकात आमचा तास ३५ मिनिटांचा. वर्गातून बाहेर येणं, ओळी, हजेरी आणि शेवटी नळावरची झुंबड वजा केली की हातात राहतात जेमतेम वीस-बावीस मिनिटं. तेवढ्यात खो-खोचा सामना लावला तर काय होतं ते मोजून बघा. पाठलाग करणारे ९, मैदानात पळणारे ३. साठांच्या वर्गातले ४८ जण कडेला बसून ओरडतात. पाठलागाच्या नवांतले आठ तर पाटीवर, म्हणजे मैदानात आखलेल्या पट्ट्यावर, बसलेलेच. म्हणजे एका वेळी खरे पळतात चार! आणि ते चार कोण, तर तसंही दिवसभर जी पोरं पायाला भिंगरी लावून फिरतात तीच.

शारीरिक शिक्षणाचं महत्त्व सांगणारी भाषणं आपण सगळ्यांनीच २९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी ऐकली आहेत. माझी कसोटी साधी आहे. वर्गातल्या सगळ्यात लाजऱ्या पोरीला घाम आला असेल तर तास झाला, नाहीतर नुसती शिट्टी वाजली.

आधी तास पदरात पाडून घ्या

जूनमध्ये वेळापत्रक ठरतं त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटा. दुपारच्या सुट्टीनंतरचा तास नको म्हणा, पोटात खिचडी असते. दिवसातला शेवटचा तासही नको. तो सूचना, फॉर्म आणि दप्तरं आवरण्यातच जातो. आमच्याकडे सावलीला एखाद-दुसरा लिंब, त्यामुळे मी सकाळचे तास मागते. मार्चमध्ये शाळा सकाळची झाली की प्रश्नच मिटतो.

मैदान

पहिल्या आठवड्यात खेळच घेऊ नका. सगळ्या वर्गाला हाताच्या अंतरावर एका ओळीत उभं करा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून खडे, काचा, बाभळीचे काटे वेचायला लावा. पोरं कुरकुरतात, पण निम्मी अनवाणी खेळणार असतात आणि वाकून चालण्यात पायही भरून येतात.

आखायला सुतळी, चार खुंट्या आणि फक्की, म्हणजे रेषा मारायची पांढरी भुकटी. फक्की संपली म्हणून कुणी चुन्याची पूड आणून दिली तर घेऊ नका. डोळ्यात गेली तर भाजते.

खो-खोचं पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटरचं. तालुक्याच्या संघाचा सराव असेल तर ते आखा. तासासाठी त्याच जागेच्या आसपास चार लहान मैदानं पाडा. खांब रोवू नका, खांबाच्या जागी फक्कीचा गोल पुरतो. वीट तर मुळीच ठेवू नका, सूर मारणारं पोर तिच्यावर तोंड आपटतं.

आता प्रत्येक मैदानावर १५ जण. पाच पाटीवर, एक पाठलागाला, तीन पळतीला, तीन पुढच्या तुकडीचे कडेला तयार, आणि उरलेल्या तिघांत एक पंच, एक वेळ बघणारा, एक गुण लिहिणारा. दर दोन मिनिटांनी शिट्टी आणि सगळ्यांची जागा बदल. सुरुवातीला नुसता गोंधळ होईल. होऊ द्या. एकदा चक्र हाताला बसलं की पोरंच एकमेकांना हाकतात. पंच म्हणून पाटीचा नियम तोडणाऱ्यावर बोट रोखताना एरवी तोंड न उघडणारी पोरगी कशी कडक होते, ते बघण्यासारखं असतं.

‘बाद’ झालेल्याचं काय करायचं

सगळ्यात महत्त्वाचं इथेच आहे. आपल्या बहुतेक खेळांत जो कच्चा तो पहिल्यांदा बाद होतो आणि सगळ्यात जास्त वेळ बसून राहतो. ज्याला सरावाची गरज, त्यालाच आपण बाहेर काढतो. म्हणून माझ्या तासाला बाद म्हणजे बसणं नाही. बाद झाला की लिंबाला हात लावून परत यायचं आणि पुन्हा आत शिरायचं. लंगडीत पकडला गेलेला बाहेर जात नाही, पुढची लंगडी तोच घालतो. पाय मात्र बदलायला लावा. एकाच पायावर सगळा भार टाकायची पोरांची खोड असते. लंगडीला खर्च शून्य, आणि उड्यांच्या धक्क्यानं वाढत्या वयातली हाडं भरतात.

संघ पाडतानाही दोन कप्तान नेमून एकेकाला निवडायला लावू नका. शेवटी उरलेल्याचा चेहरा बघवत नाही. हजेरी क्रमांकाप्रमाणे पाडा.

सुरुवातीची पाच मिनिटं मंद धाव, गुडघे उचलून चालणं, आडव्या उड्या. ताण देऊन धरून ठेवायचे प्रकार शेवटी, अंग तापल्यावर.

शिक्षा म्हणून मैदान नको

गृहपाठ नाही केला, मार दोन चकरा. वर्गात बोलला, काढ बैठका. हे मला अजिबात पटत नाही आणि स्टाफरूममध्ये मी ते बोलून दाखवते. व्याकरणाच्या तासाला शिक्षा म्हणून दिलेली चक्कर माझ्या तासाला पोरगं आनंदानं का मारेल?

कुणाला किती ताणायचं

दम्याच्या मुलांची यादी जूनमध्येच करा. पंप मैदानावर आपल्याजवळ हवा, दप्तरात नको. मुली पोटात दुखतंय म्हणाल्या तर चौकशीचा पाढा लावू नका. चालेन म्हणाली तर चालू द्या, नको म्हणाली तर गुण लिहायला बसवा. सर असाल तर एखाद्या बाईंना आधी सांगून ठेवा, म्हणजे मुलीला सगळ्यांसमोर कारण द्यावं लागत नाही. ओढणी कमरेला घट्ट बांधून घ्यायला लावा. पाणी तासाच्या आधी आणि मध्येही. उन्हात कुणी भेलकांडायला, असंबद्ध बोलायला लागलं तर सावलीत न्या, ओल्या फडक्यानं अंग पुसत राहा आणि लगेच दवाखान्याची गाडी बघा. थोड्या वेळानं बरं वाटेल म्हणून थांबू नका.

मोजमाप हवंच असेल तर ६०० मीटर धावा-चाला पुरे. टेपनं १२० मीटरची फेरी आखा, पाच फेऱ्या झाल्या की ६००. जूनमध्ये एकदा, दिवाळीनंतर एकदा. ज्याची वेळ त्याच्याच वहीत. फलकावर नंबर लावू नका.

पालक आणि फेब्रुवारी

पालकसभेत ‘ह्यानं अभ्यास बुडतो’ आणि ‘ह्याचे दहावीला गुण मिळतात का’ ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून येतात. ललिता बाबर आपल्याच तालुक्यातल्या मोहीची, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी धावली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मी त्यांना पदकाची आशा लावत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते. माझ्या आठवड्याच्या दोन तासांत ते कुठून भागणार? म्हणून मी लगोरी, लंगडी, खो-खो असे बिनपैशाचे खेळ घेते, जे संध्याकाळी देवळापुढच्या पटांगणात पुन्हा मांडता येतात. पालकांनी फक्त दिवेलागणीपर्यंत पोराला हाक मारू नये.

फेब्रुवारीत गणिताचे सर ‘मॅडम, आजचा तास द्या, पोर्शन राहिलाय’ म्हणत येतीलच. भांडू नका, द्या. पण त्यांचा पुढच्या आठवड्यातला एक सकाळचा तास त्याच वेळी मागून घ्या आणि तिथल्या तिथे वेळापत्रकावर पेनानं लिहून त्यांची सही घ्या.