कॅटमिंट: एकदा लावा, वर्षातून दोनदा कापा

न्यू जर्सीसारख्या ठिकाणी घर घेतलं की पहिल्याच वसंतात आपल्या लोकांच्या मागच्या अंगणात मेथी, मिरची, टोमॅटो लागतात. घरासमोरचा वाफा मात्र ओकाबोका राहतो. तिथे काही लावावं तर हरणं खातात, आणि जुलैत महिनाभर भारतात जाऊन यावं तर उरलेलं वाळून जातं. अशा वाफ्यासाठी मी डोळे झाकून कॅटमिंट सुचवते.

ही तुळस-पुदिन्याच्या कुळातली. देठ बोटांत फिरवून पाहा, तुळशीसारखाच चौकोनी लागतो. पानं करडी-हिरवी, बारीक सुरकुतलेली आणि उग्र वासाची, त्यामुळे हरणं सहसा तोंड लावत नाहीत. हिवाळ्यात वरचा भाग वाळतो, वसंतात मुळापासून पुन्हा फुटतो. मेच्या मध्यापासून निळ्या-जांभळ्या तुऱ्यांनी झुडूप भरून जातं आणि दिवसभर मधमाश्या नि भुंगे त्यावर असतात.

रोप घेताना

नर्सरीत कॅटमिंट आणि कॅटनिप शेजारी-शेजारी ठेवलेली असतात. कॅटनिप पांढरट फुलांची, बी सांडून बागभर पसरणारी. शोभेसाठी हवी ती ‘फासेनी’ नावाची संकरित कॅटमिंट. ती सहसा रुजणारं बी धरत नाही, म्हणून बियांच्या पाकिटाच्या नादी न लागता रोपच आणा. ‘वॉकर्स लो’ हा वाण सगळीकडे मिळतो. २००७ साली अमेरिकेतल्या पेरेनियल प्लँट असोसिएशनने त्याला ‘वर्षाची वनस्पती’ म्हणून निवडलं होतं. नावात ‘लो’ आहे म्हणून बुटका समजू नका. ते आयर्लंडमधल्या एका बागेचं नाव आहे, झुडूप दोन-अडीच फूट उंच होतं आणि तीन फूट पसरतं. जागा कमी असेल तर लेबलवर पसारा वाचून ठेंगणा वाण घ्या.

लावताना

दिवसाला किमान सहा तास ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा, एवढ्या दोन गोष्टी बघायच्या. चिकणमाती असेल तर खड्ड्यात खत भरण्यापेक्षा वाफाच सहा-आठ इंच उंच करा. हिवाळ्यात मुळांशी पाणी साचलं की रोप कुजतं. नुसत्या थंडीने ते सहसा मरत नाही.

कडाक्याची थंडी सरल्यावर, एप्रिल-मेमध्ये लावा. सप्टेंबरही चालतो. दोन रोपांत दोन ते अडीच फूट अंतर ठेवा. सुरुवातीला वाफा मोकळा दिसेल, तरी मध्ये आणखी रोपं कोंबू नका. कुंडीत माती जिथवर होती तिथवरच रोप जमिनीत जाऊ द्या. भुशाचं आच्छादन घालणार असाल तर ते बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा.

पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या. त्यानंतर हात आवरायचा. रोज सकाळी तुळशीला पाणी घालायची आणि झाडाला शेणखत द्यायची आपली सवय इथे नडते. खत-पाणी जास्त झालं की देठ लांब आणि लुसलुशीत वाढतात, आणि जूनच्या पहिल्या जोरदार पावसात झुडूप मधोमध फाकून आडवं होतं. सावलीतही हेच होतं. खत न दिलेलंच बरं.

मुख्य काम: जूनची छाटणी

कॅटमिंटकडून काही मागायचं असेल तर ते कात्रीने मागावं लागतं. जूनअखेर तुरे करडे पडू लागले की झुडूप हाताने बाजूला सारून आत, बुंध्याशी बघा. तिथे पिटुकल्या, घट्ट पानांचे नवे फुटवे आलेले दिसतात. ते सांभाळून वरचं सगळं कापा, निदान अर्धं, जमलं तर दोन तृतीयांश. एकेक तुरा खुडत बसू नका. मुठीत जुडी धरायची आणि कापायची. आठवडाभर वाफा बोडका दिसतो, मग पानं भरतात आणि महिन्याभरात दुसरा बहर येतो. तो पहिल्याइतका दाट नसतो, पण थोडी-थोडी फुलं थंडी पडेपर्यंत येत राहतात. जुलैत भारतात जायचं असेल तर निघण्याआधी ही छाटणी करून जा.

दुसरी छाटणी मार्चमध्ये. हिवाळाभर वाळक्या काड्या तशाच राहू द्या, खालच्या डोळ्यांना त्यांचा आडोसा मिळतो. बुंध्याशी हिरवं दिसू लागलं की त्या तीन-चार इंचांवर कापून टाका.

मांजरं

पानं चुरगळली की त्यातलं नेपेटालॅक्टोन हवेत सुटतं आणि आसपासची मांजरं येऊन लोळतात. सगळ्याच मांजरांवर त्याचा असर होत नाही, पण एक आलं तरी कोवळं रोप चिरडायला पुरतं. नवं रोप लावताना पानं कमीत कमी हाताळा आणि पहिले काही आठवडे भोवती काटक्या उभ्या खोचून ठेवा. झुडूप मोठं झालं की लोळण्याने फारसं बिघडत नाही.

जुन्या झुडपाचं काय करायचं

तीन-चार वर्षांनी मधला भाग विरळ वाटला तर वसंतात, फुटवे बोटभर असताना अख्खा गड्डा उकरून काढा. धारदार फावड्याने त्याचे तीन-चार तुकडे करा, प्रत्येकाला मुळं आणि फुटवे दोन्ही हवेत. मधला लाकडासारखा भाग टाकून द्या. तुकडे लगेच लावा आणि त्यांना पहिल्या उन्हाळ्यासारखं पाणी द्या.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी मात्र रोप नेऊ नका. हिला हिवाळ्याची खरी विश्रांती लागते आणि चार महिन्यांचा पावसाळा मुळांना सोसत नाही. तिकडे कुंडीत पानओवा लावायला सांगा: त्याच कुळातला, तितकाच कमी कष्टाचा, आणि त्याची भजीही होतात.